तीन नवटाक लिंबू

भिमाजी स्वतः निफाडला जाऊन थोरल्या बहिणीला घेऊन आले, तेव्हाच मखमलाबादच्या मळ्यातल्या सगळ्यांना कळून चुकलं की आज काय तो निकाल लागणार. एरवी कोणाला आणायला म्हणून भिमाजी मळ्याच्या फाटकाबाहेर पडत नसत. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते उशिरा पोहोचले होते, असं त्यांच्या माघारी सांगितलं जाई. तोंडावर सांगायची कोणाची टाप होती!

कमळाबाई गाडीतून उतरल्या त्या थेट शेडच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ, काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. त्यांनी आधी नाक वर करून वास घेतला. गुलाबाच्या पाकळ्या रात्रीच कुटून पाण्यात भिजत घातल्या होत्या, त्यांचा वास साऱ्या अंगणात पसरला होता.

"पाकळ्या चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या. "माणसांचं काय ते बघू. चहा कुठंय?"

सुवर्णा आत पळाली. ही भिमाजींची धाकटी सून. बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, वर्गात तिच्यापुढे साठ पोरं चिडीचूप बसतात, पण आत्यांच्या आवाजाने तिच्या हातून साखरेचा डबा निसटला. तिचा नवरा हर्षल दारात उभा राहून हसत होता.

"हसू नका," ती दबल्या आवाजात म्हणाली. "आज जमलं नाही ना, तर तुमच्या दादांचं लॉन्स उभं राहील इथं. मग वाजवत बसा बँड."

"मी कुठं दादाच्या बाजूने आहे?"

"माझ्याही कुठं आहात?"

हर्षलने खाली वाकून सांडलेली साखर गोळा करायला घेतली, कारण ते खरं होतं. अंबडच्या कारखान्यात आठ तास मशीन सांभाळून घरी आलेला माणूस घरातल्या कात्रीच्या दोन पात्यांमध्ये बोट घालत नाही, असं त्याचं एकूण धोरण. घरोघरी असा एक भाऊ असतोच.

भांडण साधं होतं. भिमाजींची आई, रंगूबाई, हिने पंचवटीत हातगाडीवर गुलाबाचं सरबत विकायला सुरुवात केली, त्यातून हा मळा आणि ही शेड झाली. रंगूबाईनंतर भिमाजींच्या बायकोने ते सरबत केलं. ती गेल्या वर्षी गेली आणि सरबतही तिच्याबरोबर गेल्यासारखं झालं. सुवर्णाने हट्टाने हातात घेतलं. घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, एका पातेल्याला तीन नवटाक लिंबाचा रस. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. शेराचे मिलीलिटर करून सुवर्णाने एक घाणा काढला, तर रंग मेलेला, जांभळट, आणि बाटल्यांच्या तळाशी साखरेचे खडे बसले. दुकानदारांनी बाटल्या परत पाठवल्या. दुसऱ्या खेपेला तिने घाबरून लिंबू जवळजवळ दुप्पट घातलं, तर सरबत असं आंबट ढाण झालं की हर्षलने एक घोट घेऊन मिशी पुसली आणि सरळ कामावर गेला.

त्यात सरबताचं लायसन काढायचं होतं. लायसनला कृती लिहून द्यावी लागते, मिलीलिटरमध्ये, ग्रॅममध्ये, आणि प्रत्येक घाणा तसाच उतरावा लागतो. गावठी गुलाबाचा बहर ओसरत आला होता. आणि थोरला मुलगा यादव एका भागीदाराला घेऊन आला होता. मळ्याची रस्त्याकडची बाजू लग्नाच्या लॉन्ससाठी द्यायची, शेड पाडायची. भागीदार आज दुपारी फोन करणार होता.

भिमाजींनी दोघांचंही ऐकून घेतलं होतं. "आक्काला आणतो," ते म्हणाले होते. "आक्काच्या हातचं बघू. पण ध्यानात ठेवा, हातावर धंदा चालत नाय. हात मरत्यात. आईचा गेला, तुमच्या आईचा गेला. कुणीबी केलं तरी तसंच झालं पाहिजे, नायतर शेड पाडू."

*

चहा पिऊन झाल्यावर कमळाबाईंनी बशी खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "पाडा."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. यादवचा तर चेहराच उजळला.

"आत्या, खरं सांगता?"

"खरं नायतर काय! माझ्या आईचं माप मी घेऊन गेले, तर तुझ्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. एवढ्याशा पितळेच्या मापासाठी! म्हणायची, सरबत माझ्याकडं, तर माप माझ्याकडं पाहिजे. का म्हणून? आई माझी नव्हती का? अंदाजानं सरबत करत राहिली, पण मरेपर्यंत नाय बोलली. मग आता कशाला ठेवायची शेड? पाडा आणि लग्नं लावा."

"आक्का," भिमाजी म्हणाले, "ती गेली आता."

"गेली म्हणून काय झालं? राग काय तिच्यासंगं गेला का?"

सुवर्णा बशी उचलता उचलता थांबली. ज्या माणसावर सगळी आशा, तेच माणूस यादवदादांच्या पारड्यात जाऊन बसलं. तिने सायलीकडे पाहिलं. सायली यादवची मुलगी, फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजातून मापाचा प्लास्टिकचा जार घेऊन आली होती आणि तो अजून पिशवीत लपवून बसली होती, कारण पप्पा समोर होते.

सायलीने एकदा पप्पांकडे पाहिलं, एकदा काकूकडे, आणि जार काढून सरळ ओट्यावर ठेवला.

"हे काय?" यादवने विचारलं.

"जार. पप्पा, मी काकूकडून आहे. आधीच सांगते, नंतर म्हणाल सांगितलं नाही."

"फी मी भरतो ना गं तुझी?"

"तीच तर वसूल करतेय."

हर्षल खो खो हसला आणि यादवने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसणं खोकल्यात बदललं. कमळाबाई मात्र पोरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली, तिच्यातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत पितळेचं माप होतं, पेल्याएवढं, कड झिजून पातळ झालेली.

"बघायचंय ना? बघा. नायतर म्हणाल, म्हातारीनं माप दडवून सगळ्यांचा नास केला."

यादव पुढे झाला. खरं तर त्यालाही उत्सुकता होती. तो हिशेबाला पक्का माणूस. "मी आधीपासून सांगतोय," तो म्हणाला, "तुमचं कोष्टकच चुकलंय. पूर्वी शेर एक नव्हता. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. नेटवर नऊशे तेहतीस मिलीलिटर लिहिलंय म्हणून आपल्या आजीचा शेर तेवढाच होता, हे कोणी सांगितलं? भरा हे माप आणि बघा. दीडशे निघेल, नाहीतर साठ."

सुवर्णाला मनातून हे पटलं. हे तिच्याही डोक्यात होतं आणि दादांनी ते म्हणावं याचा तिला थोडा रागच आला. सायलीने माप पाण्याने काठोकाठ भरलं, जारमध्ये ओतलं आणि डोळे जारच्या पातळीला नेऊन वाकून पाहिलं.

"एकशे सतरा."

सुवर्णाने मनात भागाकार केला. नऊशे तेहतीस भागिले आठ, एकशे सोळा आणि वर थोडं. पक्का शेर, पक्कं नवटाक. सुवर्णाने आधी धरलं होतं तेच. तीन नवटाक म्हणजे साडेतीनशे मिलीलिटर, आणि त्याच साडेतीनशेने पहिला घाणा नासला होता.

"पुन्हा मोज," सुवर्णा म्हणाली. तिने जार रिकामा करून पुन्हा पुढे सरकवला.

सायलीने पुन्हा मोजलं. एकशे सतरा.

"मग झालं तर," यादव म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे इथं सांगायला हवं. लोक यादवला उगाच दगड समजतात. त्याच्या आईने या शेडमध्ये उमेदीची सगळी वर्षं आगीसमोर काढली होती. दवाखान्यात, नाकात नळी असताना, तिने त्याला विचारलं होतं की पाकाला तार आली का. त्याला ती शेड बघवत नव्हती. त्याची पोरगी जार घेऊन त्याच ओट्याशी उभी राहिली, तेव्हा त्याला तिथं आईच दिसली.

"माप बरोबर, हिशेब बरोबर, आणि सरबत चूक," तो म्हणाला. "म्हणजे ते हाताचंच होतं. नाना, तुम्हीच म्हणालात, हातावर धंदा चालत नाही."

भिमाजींनी मान खाली घातली. सुवर्णाला वाटलं, संपलं.

*

"ए, थांबा," कमळाबाई म्हणाल्या. "बोलावलंय कशाला मला? चहा प्यायला? एक पातेलं मला करू द्या. भाच्याचं लॉन्स होऊ दे नायतर खड्ड्यात जाऊ दे, पण आईचं सरबत एकदा नीट झालेलं बघून जाते. गॅस लाव गं पोरी."

मग शेडमध्ये जे चालू झालं ते बघण्यासारखं होतं. साखरेचा पाक उकळला, गुलाबाचं गाळलेलं पाणी त्यात गेलं आणि पातेल्यात तो जांभळट, ओशाळलेला रंग आला, जो सुवर्णाला आता स्वप्नातही दिसायचा. सायलीने लिंबं पिळून, गाळून, जारने मोजून बरोबर एक लिटर रस पसरट भांड्यात काढून ठेवला होता. एक लिटर का, तर सुवर्णाने सांगितलं होतं म्हणून, बाकी काही नाही. मास्तरणीची सवय, सगळं आधी मोजून घ्यायचं.

कमळाबाईंनी पदर खोचला, माप रसात बुडवलं आणि काठोकाठ भरून वर घेतलं.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. आणि पातेल्यात ओतलं. "दोन." आणि "तीन." बोलता बोलता त्या भिमाजींना सांगत होत्या की निफाडचा सोनार कसा लबाड आहे आणि सुनेने कानातलं कसं मोडलं. हात आपला चालला होता.

तिसऱ्या मापानंतर त्यांनी डावाने पातेलं ढवळलं, आणि रंग फिरला. जांभळट होतं ते लाल झालं, लालाचं आणखी लाल झालं. सायली ओरडली, हर्षलने डोक्याला हात लावला, आणि भिमाजी एवढे मोठे गडी, पण उठून पातेल्याजवळ आले आणि नुसते बघत उभे राहिले.

"आईचा रंग," ते म्हणाले.

"मग कुणाचा असणार!" कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी पळीभर सरबत फुंकून चाखलं आणि डोळे मिटले. पंचवटीतली गाडी, रामकुंडावरून येणारी माणसं, आईच्या पदराला लिंबाचा वास. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला आईची आठवण येते ती अशी, जिभेवरून. आता शेड पाडा असं म्हणायला त्यांची जीभ वळेना.

यादवही चाखून बघायला पुढे आला, एक घोट घेतला आणि तोंड वळवून दाराकडे गेला. त्याच्या आईचं सरबत होतं ते.

"पण आत्या, किती घातलं?" सुवर्णाने विचारलं.

"तीन नवटाक. मोजलं की मोठ्यानं. बहिरी हायेस का?"

"तीनच?"

"तीन! लोक काय आंधळे होते का इथं?"

सगळ्यांनी तीनच ऐकलं होतं. दारातून यादव म्हणाला, "बघा. तेच माप, तेच तीन, आणि तिच्या हातचं जमतं, तुझं जमत नाही. हात तो हात. सुवर्णा, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे शिकता येत नाही."

सुवर्णाला वाईट वाटलं नाही. तिला राग आला. वर्गात एखादं पोरगं म्हणालं ना, मॅडम, मला नाहीच येत, की तिला यायचा तसा. जे पातेल्यात गेलं ते काहीतरी रसच होता, मंत्र नव्हता. आणि रस असेल तर भांड्यातून गेला असेल.

"सायली," ती म्हणाली, "उरलेला रस जारमध्ये घाल."

सायलीने ओतला, वाकली, आणि भुवया वर केल्या. "काकू, पाचशे साठ."

"साडेसहाशे उरायला पाहिजे होता," सुवर्णा म्हणाली. "तीन मापं गेली म्हणजे साडेतीनशे. मग नव्वद मिलीलिटर कुठं गेला?"

"सांडला असेल," यादव म्हणाला.

हर्षल खाली बसून फरशी बघू लागला. त्याने ओट्यावरून हात फिरवला, पातेल्याखाली बोट फिरवलं. "कोरडं आहे दादा. एक थेंब नाही." आणि उठता उठता तो म्हणाला, "दादा, मला वाटतं मी आता सुवर्णाच्या बाजूने आहे."

"आलास का काका!" सायली म्हणाली.

"म्हणजे मी चोरला का रस?" कमळाबाई भडकल्या. "लुगड्यात बांधून नेला? भिमा, ऐकतोयस का तुझी सून काय म्हणती ते!"

"आत्या, तुम्हाला कोण म्हणतंय," सुवर्णा म्हणाली. पण तिचं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. नव्वद भागिले तीन. दर मापामागे तीस. म्हणजे हे प्रत्येक मापाबरोबर होत होतं. दर मापाला काय होतं?

आणि तिला तिचे वडील आठवले. विंचूरला ते दूध घालायचे. ती लहानपणी सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर घरोघरी जायची. ते माप ओतायचे आणि लगेच, गिऱ्हाइकाकडे बघतही नसायचे, माप पुन्हा कॅनमध्ये तिरकं बुडवून वर एक धार सोडायचे. कोणी मागायच्या आधी. एकदा तिने विचारलं होतं, बाबा, ते कशाला? तर ते म्हणाले होते, कोरं माप देऊ नये.

"आत्या, पुन्हा एकदा दाखवता? पाण्याने?" ती म्हणाली. "जसं रसाला केलंत अगदी तसंच. आणि आम्हाला निफाडच्या सोनाराचं सांगा."

"सोनाराचं कशाला?"

"सांगा तर खरं. ऐकायचंय मला."

आता सोनाराबद्दल बोलायला मिळतंय म्हटल्यावर कमळाबाई कशाला नाही म्हणतील! सायलीने बादलीभर पाणी आणि रिकामं पातेलं पुढे ठेवलं. कमळाबाईंनी माप भरलं, "एक" म्हणत ओतलं, आणि तो सोनार तराजूला कसा अंगठा लावतो हे सांगता सांगता त्यांचा हात वळला, माप पुन्हा बादलीत तिरकं बुडालं, आणि एक जाड धार पातेल्यात गेली. मग पुढचं माप. "दोन."

"थांबा!" सुवर्णा किंचाळली.

कमळाबाई दचकल्या. "काय झालं गं? साप हाय का?"

"आत्ता काय घातलं? 'एक' म्हणाल्यावर? वरून काय घातलं?"

"कुठं काय घातलं?"

"आक्का," भिमाजी म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना, "घातलंस की! म्या बघितलं. सगळ्यांनी बघितलं."

कमळाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू उलगडला.

"अगं, ते होय? ती तर वरची धार! ते काय मापात धरत्यात का कुणी? आई गाडीवर मारायची मला, कोरं माप दिलं तर. म्हणायची, मापाएवढंच देणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाय. धार सोडल्याबिगर माप पुरं होतंय का? मला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊक हाय!"

"ठाऊक असायला आम्ही काय हातगाडीवर होतो का आत्या!" हर्षल ओरडला.

आणि मग शेडमध्ये असा काही गलका झाला की मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. सायली काकूच्या गळ्यात पडली. सुवर्णा हसत होती आणि एकीकडे गणित करत होती. कमळाबाईंकडून तिने पाण्याची आणखी तीन मापं घालून घेतली, प्रत्येक धार वेगळी झेलून मोजली. कधी तीस, कधी एक कमी, कधी एक जास्त. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वळण लागलेला हात, चळला नाही तो नाहीच.

"अर्धा छटाक," भिमाजी बोटांवर मोजत म्हणाले. "दर मापाला अर्धा छटाक, म्हंजी पाव नवटाक. म्हणजे आईचं तीन नवटाक खरं पावणेचार नवटाक हाय."

"चारशे चाळीस मिलीलिटर," सुवर्णा म्हणाली. "नाना, चारशे चाळीस."

*

यादव ओट्याला टेकून उभा होता. त्याला आनंद झाला होता आणि तो कोणाला दाखवायचा नव्हता, अशी त्याची पंचाईत झाली होती. त्याने शेवटचा मुद्दा काढला, कारण मुद्दा सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"हे पातेलं आत्यांनी केलंय. मिलीलिटरने अजून कोणीच केलेलं नाही. उद्या पुन्हा बिघडलं तर?"

"बरोबर बोलतोय," भिमाजी म्हणाले. "दुसरं पातेलं चढवा. आणि आक्कानं हात लावायचा नाय. सुवर्णानंबी नाय. यादवनं करायचं."

"मी?" यादव म्हणाला. "नाना, मला चहा येत नाही."

"म्हणून तर."

घरातली सगळी माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि यादव, साडेपाच फुटी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला यादव, गॅससमोर उभा राहिला. पाक उतू जाता जाता त्याने वाचवला. गुलाबाचं पाणी ओतताना शर्टावर शिंतोडे उडवून घेतले. पोरगी बाजूने सांगत होती, पप्पा, आता मंद करा, पप्पा, आता नाही, आता. पुन्हा तो जांभळट, मेलेला रंग आला. यादवने जार उचलला. रस चारशे चाळीसच्या रेघेला आणायला त्याने तीनदा थेंब थेंब काढला-घातला, कपाळावर घाम आला.

त्याला वाटलं असतं तर दहा मिलीलिटर कमी ठेवता आले असते. कोणाला कळलं नसतं. त्याच्या मनात ते आलंही. माणूस आहे, येतं मनात. त्याने जार डोळ्यांच्या पातळीला धरला, रस रेघेला नेमका लागलाय याची खात्री केली आणि एका दमात पातेल्यात ओतला. डाव फिरवला.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग रंग फिरला. पातेल्याच्या कडेने आधी, मग मधोमध, आणि बघता बघता सगळं पातेलं लालभडक झालं. दोन्ही पातेली शेजारी शेजारी, आणि कोणतं आत्यांचं, कोणतं यादवचं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

"आगं आई गं!" कमळाबाईंनी टाळी वाजवली. "यादवनं केलं! ज्याला दूध तापवता येत नाय त्यानं केलं!"

यादव डाव हातात धरून उभा होता. त्याने चाखलं, पुन्हा चाखलं. मग त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, अगदी सगळ्यांच्या देखत.

"आई असती तर," तो म्हणाला, आणि डाव पातेल्यावर आडवा ठेवला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सगळ्यांना माहीत होतं कोणाचा. यादवने फोन कानाला लावला. "हां शेठ. बोलतो. नाही, जमणार नाही. नाही हो, पैशांचा प्रश्न नाही. वडील हो म्हणतील कदाचित, मीच नाही म्हणतोय. अहो, आमचा चालू धंदा आहे तिथं. काय म्हणजे? सरबताचा!" आणि त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

"नाना," तो म्हणाला, "लायसनचे कागद उद्या भरून टाकू. तुमच्या नावाने भरू का?"

भिमाजी खुर्चीवर बसले. त्यांना थकवा आला होता, पण असा थकवा त्यांना फार दिवसांत आला नव्हता. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. थोरला, धाकटा, नात, बहीण.

"माझं नाव कशाला?" ते म्हणाले. "मी किती दिवसांचा? आणि तुझंबी नको. जिनं दोन घाणे नासवले, दुकानदारांची बोलणी खाल्ली, घरच्यांची खाल्ली, आणि तरी सोडलं नाय, तिच्या नावानं भर. सुवर्णाच्या."

हर्षलने शिट्टी वाजवली. सायली उड्या मारायला लागली. यादवने सुवर्णाकडे पाहून मान डोलावली, एकदाच, पण मनापासून.

सुवर्णाला काहीतरी बोलायचं होतं. चार शब्द बोलावे, नाना, दादा, आभार वगैरे. पण ती यादवच्या पातेल्यावर वाकून नुसती त्या रंगाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"ए बाई, तोंड तिकडं कर!" कमळाबाई ओरडल्या. "रडायचं तर बाहेर जाऊन रड. पातेल्यात पडलं तर सगळं माप बिघडंल!"

आणि सुवर्णा पातेल्याकडे पाठ करून, आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, मनसोक्त रडली.